‘पायोनियर वन’: सहा हजार डॉलर, सहा भाग आणि दीड वर्ष

१६ जून २०१० रोजी ‘पायोनियर वन’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग इंटरनेटवर मोफत आला. वाहिनी, स्टुडिओ, जाहिरातदार यांपैकी कोणीही मागे नव्हतं. लेखक जॉश बर्नहार्ड आणि दिग्दर्शक ब्रेसी स्मिथ या दोघांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडून सुमारे ६,००० डॉलर जमवले आणि तेवढ्यात पायलट, म्हणजे मालिकेचा नमुन्यादाखल पहिला भाग, उभा केला. तेव्हाच्या दराने ही रक्कम पावणेतीन लाख रुपयांच्या आसपास जाते. त्याच काळात अमेरिकन वाहिन्या नाट्यमालिकेच्या एकेका पायलटवर काही दशलक्ष डॉलर घालत होत्या. पुढच्या काही आठवड्यांत प्रेक्षकांनी आपणहून २०,००० डॉलरांहून जास्त पैसे दिले. त्याच वर्षी न्यूयॉर्क टेलिव्हिजन फेस्टिव्हलमध्ये या पायलटला नाट्य विभागात सर्वोत्कृष्ट ठरवलं गेलं. दुसरा भाग आला डिसेंबर २०१० मध्ये, सहावा डिसेंबर २०११ मध्ये. तिथे पहिला हंगाम संपला, आणि दुसरा कधी झाला नाही.

मालिका करू पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी हे प्रकरण बारकाईने वाचावं असं मला मनापासून वाटतं. बर्नहार्ड आणि स्मिथ विद्यार्थी नव्हते, पण त्यांची परिस्थिती विद्यार्थी गटाच्या परिस्थितीशी खूप जुळते. हातात पैसा नाही, पडद्यावर ओळखीचा चेहरा नाही, पाठीशी कंपनी नाही. गोष्ट मात्र पक्की आहे. त्यांना जे साधलं आणि जे साधलं नाही, त्यातून मला एक गोष्ट सगळ्यात ठळक दिसते: वर्गणीतून एका भागाचा खर्च निघतो, दोन भागांच्या मधले महिने निघत नाहीत. लोकवर्गणीवर मालिका करायची तर या मधल्या महिन्यांचा विचार पहिल्या दिवशी करावा लागतो. बहुतेक गट तो दुसऱ्या भागाच्या वेळी करतात.

मंगळ न दाखवता मंगळाची गोष्ट

गोष्ट अशी. आकाशातून काहीतरी कोसळतं, वाटेत अमेरिकेच्या मोंटाना राज्यावर किरणोत्सर्ग पसरवतं आणि कॅनडात जाऊन पडतं. दहशतवादी हल्ला असावा या संशयाने अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाचे अधिकारी तिथे पोहोचतात. त्यांना एक आजारी तरुण सापडतो, अंगात सोव्हिएत बनावटीचा अंतराळपोशाख. त्याच्याजवळ मिळालेल्या मजकुराप्रमाणे तो सोव्हिएत अंतराळवीरांचा मुलगा आहे आणि त्याचा जन्म मंगळावर झाला आहे.

आता यातला खर्च मोजा. मंगळ एकदाही दाखवावा लागत नाही. यानाचा प्रवास कोणी पाहिलेला नाही. जे घडायचं ते आधीच घडून गेलं आहे आणि आता काही माणसं बंद खोल्यांमध्ये बसून त्याचा अर्थ लावत आहेत. टेबल, फायली, फोन, नकाशे, रुग्णाची खाट, वरिष्ठांचा दबाव. हा मुलगा खरं बोलतोय का, त्याला शत्रू मानायचं की पाहुणा, बातमी जगाला सांगायची की दाबायची, या प्रश्नांवर सगळं नाट्य चालतं. विज्ञानकथेत सगळ्यात महाग असते ती नजरेला दिपवणारी दृश्यं. इथे लेखकाने ती गोष्टीच्या आधीच्या काळात ढकलून दिली आहेत.

हे सोपं वाटतं, पण त्यामागे इतिहासाची चांगली जाण आहे. सोव्हिएत संघाने मंगळावर गुपचूप माणसं पाठवली हे ऐकायला अशक्य वाटतं, तरी प्रेक्षक थोडा वेळ मानायला तयार होतो, कारण गुप्तता हा त्या अंतराळ कार्यक्रमाचा स्वभावच होता. चंद्रावर माणूस उतरवण्याचा सोव्हिएत प्रयत्न खरोखर चालू होता. त्यासाठीचं एन-१ हे प्रचंड रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चारही वेळा उड्डाणात नष्ट झालं, आणि या प्रयत्नाची उघड कबुली १९८९ पर्यंत दिली गेली नव्हती. ‘मार्स ३’ हे त्यांचं यान डिसेंबर १९७१ मध्ये मंगळावर अलगद उतरलं आणि काही सेकंदांत गप्प झालं. अशा खऱ्या गोष्टींच्या शेजारी एक खोटी गोष्ट ठेवली की तिला आपोआप वजन येतं. या संशोधनाला पैसे लागत नाहीत, ग्रंथालयात बसायची तयारी लागते. विद्यार्थी गटाकडे वाहिनीपेक्षा जास्त असं काही असेल तर ते हेच.

विद्यार्थ्यांनी कमी पैशांत केलेली विज्ञानकथा म्हटलं की ‘डार्क स्टार’ आठवतो. जॉन कारपेंटर आणि डॅन ओ’बॅनन यांनी १९७० च्या सुमारास सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी म्हणून तो सुरू केला. पुढे वाढवत नेऊन १९७४ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून तो प्रदर्शित झाला. खर्च सुमारे ६०,००० डॉलर. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा हवा भरलेला चेंडू होता आणि ते लपवलेलं नव्हतं. चित्रपट विनोदी असल्यामुळे ते शोभलं. गंभीर गोष्ट सांगायची असेल तर हा मार्ग बंद होतो. तिथे स्वस्तातला प्राणी दिसला की प्रेक्षक हसतो आणि एकदा हसला की परत येत नाही. म्हणून गंभीर विज्ञानकथेला ‘पायोनियर वन’चा मार्ग जास्त भरवशाचा आहे: जे नीट दाखवता येणार नाही ते दाखवायचंच नाही, त्याचे परिणाम दाखवायचे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना ही रीत परकी नाही. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या निमित्ताने कॉलेजांचे संघ हेच करत आले आहेत. एक खोली, चार माणसं आणि बाहेर काहीतरी भयंकर घडलेलं, या साच्यातली एकांकिका आपल्याकडच्या प्रत्येक नाटकवेड्या मुलाने एकदा तरी पाहिलेली असते. त्या भरतीच्या, तालमीच्या आणि एका नेपथ्यात गोष्ट मावण्याच्या शिस्तीवर विज्ञानकथेची मालिका उत्तम उभी राहू शकते. रंगमंचावर मात्र सूचकतेने जे भागतं ते कॅमेऱ्यासमोर भागत नाही. अधिकाऱ्याच्या टेबलावरची फाइल, भिंतीवरचा नकाशा, ओळखपत्र, गणवेशावरची पट्टी हे सगळं जवळून दिसतं आणि खोटं असेल तर तिथेच गोष्ट मोडते. पैसे थोडे असतील तर ते अशा वस्तूंवर, एका चांगल्या पोशाखावर आणि आवाजावर घालावेत. आवाजाबद्दल तर मी हट्टानेच सांगेन. चित्र थोडं काळपट असलं तरी लोक पाहतात. संवाद ऐकू येत नसेल तर दुसऱ्या मिनिटाला बंद करतात. वर्गखोलीतला पंखा, बाहेरची रिक्षा, पत्र्यावर पडणारा पाऊस यांचा बंदोबस्त कॅमेरा ठरवण्याच्या आधी व्हायला हवा.

पहिली मागणी

किकस्टार्टर एप्रिल २००९ मध्ये सुरू झालं. म्हणजे बर्नहार्ड आणि स्मिथ यांनी मागणी केली तेव्हा ते व्यासपीठ जेमतेम वर्षाचं होतं आणि लोकवर्गणीतून मालिका ही कल्पना बहुतेकांनी ऐकलेलीही नव्हती. तिथला मुख्य नियम असा की ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर एकाही देणगीदाराच्या खात्यातून काही वजा होत नाही. जमलेल्या रकमेतून व्यासपीठ ५ टक्के घेतं, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा.

या नियमामुळे रक्कम ठरवणं हाच सगळ्यात कठीण निर्णय होतो. मोठी मागितली आणि नव्वद टक्के जमली तर हातात शून्य. लहान मागितली तर जमते, पण काम पुरं होत नाही. त्यांनी पूर्ण हंगामाचे पैसे मागितले नाहीत, एका भागाचे मागितले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. अनोळखी माणसाकडून विश्वासावर मागायची रक्कम जितकी लहान तितकी बरी. मोठी मागणी काम दाखवून करावी. पहिल्या टप्प्यात लोकांनी कल्पनेसाठी पैसे दिले, दुसऱ्या टप्प्यात अर्ध्या तासाहून मोठा, नीट बांधलेला भाग पाहून दिले. दुसऱ्या टप्प्यातले पैसे पहिल्याच्या कितीतरी पट होते, यात आश्चर्य काहीच नाही.

पण ६,००० डॉलरांत अर्धा तास तयार झाला याचा अर्थ त्याचा खर्च तेवढाच होता असा नव्हे. बाजारभावाने लेखन, दिग्दर्शन, अभिनय, छायाचित्रण, संकलन, संगीत यांचा हिशेब केला तर ही रक्कम एका-दोन दिवसांत संपेल. उरलेला खर्च माणसांनी आपल्या श्रमांनी भरला. आपल्याकडे विद्यार्थी गट अंदाजपत्रक करतात तेव्हा कॅमेऱ्याचं भाडं, लाइट, प्रवास, वडापाव-चहा असे आकडे लिहितात आणि श्रमाची जागा कोरी सोडतात. ती कोरी सोडू नये. ‘संकलन: चाळीस दिवस, मानधन शून्य’ असं लिहून ठेवलं की दोन गोष्टी होतात. देणाऱ्याला कळतं की आपल्या शंभर रुपयांवर कुणीतरी हजारांचं काम करतंय. आणि गटालाही कळतं की हे चाळीस दिवस दर भागाला कुणाकडून मागायचे आहेत.

मोफत वाटण्याचा हिशेब

पायलट कुठे दाखवायचा याचं त्यांचं उत्तर त्या काळी धाडसाचं होतं. त्यांनी तो बिटटोरेंटवर, म्हणजे लोक आपापसांत फाइल वाटून घेतात त्या पद्धतीने, टाकला, ‘वोडो’ या व्यासपीठामार्फत. ‘वोडो’ हे जेमी किंग यांनी सुरू केलं होतं. स्वतंत्र निर्मात्यांचं काम कायदेशीररीत्या टोरेंटवर मोफत द्यायचं आणि पाहणाऱ्याला आवडलं तर पैसे द्यायला सांगायचं, अशी त्याची पद्धत होती. पार्श्वभूमी लक्षात घ्या. वर्षभरापूर्वीच, एप्रिल २००९ मध्ये, स्टॉकहोमच्या न्यायालयाने ‘द पायरेट बे’ या टोरेंट संकेतस्थळाच्या चालकांना तुरुंगवास आणि ३ कोटी स्वीडिश क्रोनरची भरपाई सुनावली होती. टोरेंट म्हणजे चोरी असं समीकरण झालं होतं. तिथे आपली मालिका स्वतःहून ठेवणं आणि कॉपी करा, वाटा म्हणून सांगणं हे अनेकांना वेडेपणाचं वाटलं असणार.

तांत्रिक बाजू पाहिली तर तो पक्का हिशेब दिसतो. टोरेंटमध्ये फाइलचे बारीक तुकडे होतात आणि उतरवून घेणारा प्रत्येक जण हातात आलेले तुकडे पुढच्याला देत राहतो. प्रेक्षक वाढले की वितरणाची ताकद वाढते, निर्मात्याचा खर्च वाढत नाही. २०१० मध्ये मोठी व्हिडिओ फाइल लाखो लोकांपर्यंत स्वतःच्या सर्व्हरवरून पोहोचवायची तर त्याचं बिल पायलटच्या खर्चाहून सहज मोठं झालं असतं.

त्याहून महत्त्वाचं असं की विज्ञानकथेचा भुकेला प्रेक्षक तिथेच बसलेला होता. तरुण, संगणकाशी सहज असलेला, मालिका भागामागून भाग पाहणारा. त्याला नवीन ठिकाणी बोलावून आणायची गरज पडली नाही. लोकवर्गणीच्या कितीतरी मोहिमा इथेच बसतात. पान तयार होतं, व्हिडिओ तयार होतो, आणि मग प्रेक्षक शोधायला सुरुवात होते. जमाव आधी असावा लागतो, झोळी नंतर.

आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण हेच सांगतं. १९७६ च्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी गुजरातच्या दूध सहकारी संस्थांच्या ५ लाख सभासदांनी प्रत्येकी २ रुपये दिले. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचं, स्मिता पाटील प्रमुख भूमिकेत. ते पैसे जमले कारण ते शेतकरी आधीच संघटित होते, दूध घालायला रोज केंद्रावर येत होते, आणि गोष्ट त्यांचीच होती. कॉलेजच्या गटाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा: आपली गोष्ट ज्यांची आहे ती माणसं आत्ता कुठे एकत्र येतात? खगोलमंडळांच्या आकाशदर्शनाला येणारे, विज्ञानकथा वाचणारे, रोबोटिक्स स्पर्धांना जाणारे, माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट. यांच्यात सहा महिने वावरून, छोटं काही दाखवून मग मागणी केली तर ती वेगळी ऐकली जाते.

सहा महिन्यांची पोकळी

आता या प्रकरणाच्या दुखऱ्या जागेकडे येऊ. पायलट जूनमध्ये आला, दुसरा भाग डिसेंबरमध्ये. मध्ये सहा महिने गेले.

कामाचा क्रम पाहिला तर यात आळस कुठेच नाही. पायलट आल्यावर पैसे येऊ लागतात, पण एकरकमी येत नाहीत. पुढच्या भागांचं शूटिंग कधी करायचं हे किती जमलं त्यावर ठरतं, आणि किती जमेल हे आधी कळत नाही. एकाच वेळी दोन-तीन भाग चित्रित केले तर खर्च वाचतो, म्हणून आणखी थांबायचं. नटांच्या तारखा नव्याने जुळवायच्या, कारण कमी मानधनात काम करणारा नट पोटासाठी दुसरीकडे गुंतलेला असतो. जागा पुन्हा मिळवायच्या, कंटिन्यूइटी, म्हणजे आधीच्या दृश्यांशी पोशाख-वस्तूंचा मेळ, सांभाळायची. मग संकलन, आवाज, रंग, संगीत. यातलं प्रत्येक पाऊल रास्त आहे आणि सगळी मिळून अर्धं वर्ष होतं.

प्रेक्षकाच्या बाजूने हेच अर्धं वर्ष निराळं असतं. पायलट पाहून जो उत्साह आला तो पंधरा दिवस टिकतो. पैसे देण्याचा हात त्याच दिवसांत पुढे येतो. दुसरा भाग आला तेव्हा त्याला पहिला आठवायला लागतो, आणि तोपर्यंत पाहायला दुसरं खूप काही आलेलं असतं. पाहणाऱ्यांपैकी अगदी थोडे पैसे देतात हे मोफत वाटपाचं मूळ गणित आहे. समजा हजारांतला एक जण पंचवीस डॉलर देतो. तर २०,००० डॉलर जमायला आठ लाख लोकांनी पाहावं लागेल. एका भागासाठी हे होऊ शकतं. दर भागाला तेवढेच नवे आठ लाख आणायचे कुठून? जुन्यांनी पुन्हा द्यायचं तर त्यांना मध्ये धरून ठेवायला हवं, आणि धरून ठेवायचं साधन म्हणजे नियमित येणारे भाग. भाग पैशांसाठी थांबतात, पैसे भागांसाठी थांबतात. हा फेरा त्यांना शेवटपर्यंत तोडता आला नाही.

सहा भागांना दीड वर्ष लागलं. ते पूर्ण केले याबद्दल मला या दोघांविषयी अतिशय आदर आहे. अशा कित्येक मालिका दुसऱ्या भागाच्या आधीच थांबतात. त्यांनी सुरू केलेला हंगाम शेवटपर्यंत नेला, ज्यांनी पैसे दिले त्यांना गोष्टीचा एक टप्पा पुरा करून दिला. पुढच्या हंगामांची कल्पना होती, पण ती कागदावर राहिली. याला मी अपयश म्हणणार नाही. वर्गणी हे एका कामाला पुरेल असं इंधन आहे. वर्षानुवर्षं माणसांचा पगार त्यातून भागेल असं मानणं चूक आहे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही पोकळी आणखी घातक ठरते, कारण त्यांच्याकडे मुदत ठरलेली असते. सत्र परीक्षा, इंटर्नशिप, शेवटचं वर्ष, नोकरी. जूनमध्ये सुरू झालेला गट पुढच्या जूनमध्ये त्याच शहरात असेल याची खात्री नसते. नायकाला बंगळुरूत नोकरी लागली की मालिका थांबते. म्हणून माझा सल्ला अगदी स्पष्ट आहे. हंगाम तीन किंवा चार छोट्या भागांचा लिहा, गोष्ट त्यातच पूर्ण संपवा, सगळे भाग एका सुट्टीत सलग चित्रित करा आणि सगळ्यांचं संकलन झाल्याशिवाय पहिला भाग दाखवू नका. मग पोकळी राहतच नाही. पायलटसाठी स्वतंत्र मागणी करण्याची बर्नहार्ड-स्मिथ यांची युक्ती हवीच असेल, तर पायलटच्या जागी पाच मिनिटांची स्वतंत्र छोटी गोष्ट करा, त्याच जगातली पण स्वतःपुरती पूर्ण. ती दाखवून हंगामाचे पैसे मागा.

हेच पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात करायचं झालं तर

गोष्टींची वानवा नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने लेखकांच्या पिढ्या घडवल्या. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने याच स्पर्धेला कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे अनेकांना ठाऊक असेल. त्या परंपरेतल्या बऱ्याच कथा प्रयोगशाळा, वेधशाळा, दिवाणखाना, सरकारी कचेरी इथेच घडतात. चित्रीकरणासाठी त्या जणू मुद्दाम लिहिल्या आहेत. मात्र प्रसिद्ध कथा घ्यायची तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आधी, वर्गणीची घोषणा नंतर.

पैशांच्या बाजूने मात्र वाट वेगळी आहे. भारतातल्या निर्मात्यांना किकस्टार्टरवर स्वतःच्या नावाने मोहीम उघडता येत नाही. इथली व्यासपीठं आहेत, आणि यूपीआयमुळे पन्नास-शंभर रुपयांची वर्गणी घेणं आज कमालीचं सोपं झालं आहे. नेमकी हीच सोय अडचणीत आणते, कारण पैसे कुणातरी एका मुलाच्या बचत खात्यात येतात. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम मोबदल्याशिवाय मिळाली, तर ती संपूर्ण रक्कम त्याचं करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. मोबदल्यात टी-शर्ट किंवा पोस्टर दिलं तर तो व्यवहार वेगळ्या तऱ्हेने पाहिला जाईल. मोहिमेच्या आधी एका सनदी लेखापालाकडे तासभर बसणं हे अंदाजपत्रकातलं पहिलं कलम असायला हवं.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून मदत घ्यायची इच्छा स्वाभाविक आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या भोवती मोठा रसिकवर्ग आहे. तिथे नागरिकत्वाचा प्रश्न येतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने बँकेमार्फत पाठवलेले पैसे आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने दिलेली देणगी यांना परकीय देणग्यांचा कायदा सारखं मानत नाही.

सगळ्यात मोठा धोका नफ्यात वाटा देण्याच्या वचनात आहे. इथे लोक लगेच ‘लुसिया’चं नाव घेतात. पवन कुमार यांनी या कन्नड चित्रपटासाठी ११० जणांकडून २७ दिवसांत ५१ लाख रुपये उभे केले. स्वप्नं दाखवणाऱ्या गोळीची ती गोष्ट २०१३ मध्ये लंडनच्या भारतीय चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांची निवड ठरली आणि पुढे तमिळमध्येही नव्याने झाली. फार मोठं काम आहे ते. पण विद्यार्थी गटाने त्या वाटेने जाऊ नये असंच मी म्हणेन. भांडवली बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून भागभांडवल उभारण्यावर चर्चापत्र काढलं, पण तशी मोकळीक सर्वसामान्यांसाठी आली नाही. कंपनी कायद्यानुसार खासगी रीतीने भाग देताना वर्षाला २०० जणांची मर्यादा आहे, आणि २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेवी घेण्यावर बंदी आहे. परत देऊ, वाढवून देऊ, नफा वाटून देऊ, यातलं एकही वाक्य मोहिमेच्या पानावर नको. नामावलीत नाव, पटकथेची प्रत, सेटवर एक दिवस, पहिल्या खेळाचं आमंत्रण एवढंच द्या आणि ते वेळेवर द्या.

शेवटचा मुद्दा हक्कांचा, कारण भांडणं तिथे होतात. भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. आठ जणांचा गट, शेकडो देणगीदार आणि कॉलेजचा कॅमेरा अशा रचनेत हा ‘तो’ कोण? काही फिल्मसंस्थांमध्ये विद्यार्थ्यांनी संस्थेच्या साधनांवर केलेल्या कामाचे हक्क संस्थेकडे जातात, त्यामुळे विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्यावं. गटात दोन पानांचा करार करावा: निर्माता म्हणून कुणाची नावं, कुणी मध्येच सोडून गेलं तर त्याचं काय, उद्या एखाद्या वाहिनीने विकत मागितलं तर निर्णय किती जणांच्या संमतीने, पैसे शिल्लक राहिले तर ते कुठे जातील. ‘पायोनियर वन’ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली वाटली गेली, म्हणजे लोकांनी तिचं काय करायचं आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं. तोच निर्णय तुम्हीही मोहीम उघडायच्या आधी घ्या आणि पानावर छापा. नंतर परवाना बदलला तर ज्यांनी मोफत वाटपाच्या भरवशावर पैसे दिले त्यांना ती फसवणूक वाटेल.